टाक्यात मारलेली हाक

"पाण्यात बुडवून काढेपर्यंत पोरीला नाव नसतं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "तोवर बेबा म्हण. अगं म्हण, ए म्हण, माकड म्हण. नाव तेवढं तोंडातून काढू नकोस."

पोलिक्सेनी कालामाता शहरातल्या घरी बाल्कनीत शेंगांच्या शिरा काढत बसली होती. मार्च संपत आला होता. खाली रस्त्यावर कुणीतरी बंद पडलेल्या मोटरसायकलला लाथा घालत होतं.

"का पण, आई?" तिने मान वर न करता विचारलं.

"असं करत नाहीत."

"म्हणजे केलं तर काय होतं?"

"केलं तर! करून कुणी बघितलंय? असं करत नाहीत, झालं."

अथेन्सला पाच वर्षं इतिहास शिकून आलेल्या बाईला 'असं करत नाहीत' हे उत्तर पुरत नाही. शिवाय नगरपालिकेत मुलीची नोंद कधीच झाली होती, नावासकट. आणि नाव तरी कुणाचं? सासूबाईंचंच. पहिल्या नातीला बापाच्या आईचं नाव, हे ठरलेलं. 'असिमीना' हे आपलं नाव घरात पुन्हा दुडूदुडू धावताना बघायचं म्हणून त्या मुलाच्या, स्ताथिसच्या लग्नापासून नऊ वर्षं वाट बघत होत्या. मग ते हौसेने घेतलं तर बिघडलं कुठे? पोलिक्सेनीने शेंगा पातेल्यात टाकल्या, आत जाऊन पाळण्यावर वाकली आणि मुद्दामच म्हणाली, "असिमीना!" अकरा महिन्यांच्या पोरीने पाय झाडले आणि बोळकं पसरून हसली.

पोलिक्सेनी तशी बेफिकीर बाई नव्हती. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ते पोरीच्या हातात पडत नसे. झोपलेल्या पोरीच्या नाकाशी ती दिवसातून दहादा बोट धरून बघे. पण तिची काळजी मोजता येणाऱ्या गोष्टींची होती: ताप, उंची, गाडीचा पट्टा. शब्दाने कुणाला इजा होते हे तिच्या यादीत नव्हतं.

बाप्तिस्मा ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ठरला होता, कारण उन्हाळा म्हणजे कामाचे दिवस. स्ताथिसची नऊ जणांची व्हॅन होती. तो चालवायचा, ती बोलायची. मंगळवारी मेथोनी, गुरुवारी कोरोनी आणि शनिवारी कास्त्रो. सकाळी निघायचं, दोन गावं आणि एक किल्ला दाखवायचा, दुपारी समुद्राकाठी मासे खायला घालायचे, संध्याकाळी परत. पोरगी आईच्या छातीशी झोळीत. पाहुण्यांना ते आवडे. फोटोत किल्ल्यापेक्षा तीच जास्त यायची.

कास्त्रो म्हणजे नुसताच किल्ला. त्याला नकाशावर मोठं नाव आहे, पण ते घेतलेलं मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. कार्दामिली गाव मागे पडलं की तिसऱ्या वळणावर डावीकडे फाटा फुटतो. ऑलिव्हच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून वर गेलं की एकदम तट दिसतो, मधाच्या रंगाचा, फटींतून अंजिरं उगवलेला. मागे तायगेतोसचा डोंगर, समोर आखात. दरवाजातून व्हॅन जात नाही. आत चिंचोळ्या बोळांतून बत्तीस घरं आहेत, पैकी चारांत माणसं. सगळी मिळून सात. आणि मधोमध, पडक्या बुरुजाच्या पोटात, पाण्याचं टाकं.

टाक्यात उतरायला अकरा पायऱ्या. पहिल्या तीनच उन्हात येतात. आठवी कायम ओली. त्यापुढे कमानीखाली एक दगडी खोली, तिच्या तळाशी काळंहिरवं, न हलणारं पाणी. जुलैतसुद्धा तिथे उभं राहिलं की घोट्यांना गारवा लागतो. पाण्यावर कधी डास दिसत नाहीत, हे पोलिक्सेनीने पहिल्याच वर्षी वहीत टिपून ठेवलं होतं. ती सगळंच टिपून ठेवायची.

कास्त्रोतली माणसं एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. शीळ घालतात. प्रत्येक घराची शीळ वेगळी; एक लांब दोन आखूड, दोन लांब, असं. पाहुण्यांना हे सांगताना पोलिक्सेनी म्हणे, "पूर्वी या किनाऱ्यावर चाचे यायचे. नाव कळलं की ते रात्री दाराशी येऊन त्या नावाने बोलवत, म्हणून ही खबरदारी." हे तिने कुठे वाचलेलं नव्हतं. पण पटण्यासारखं होतं, आणि पाहुणे माना डोलवत.

मग ती त्यांना टाक्याशी नेई. तिथला पडसाद हा तिच्या शनिवारचा मुख्य खेळ होता. आठव्या पायरीवर उभं राहून हाक मारली की खालून ती तीनदा परत येई, तिन्ही वेळा सारखीच स्वच्छ. आधीच्या वर्षी ती 'स्ताथिस' म्हणायची. या वर्षी, ईस्टरनंतरच्या पहिल्या शनिवारी, झोळीत पोरगी असताना, तिच्या ओठांवर साहजिकच दुसरं नाव आलं.

"असिमीना!"

असिमीना. असिमीना. असिमीना.

पोरगी झोळीत खिदळली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

वर आली तेव्हा दरवाजाशी स्तामाता याया बसली होती. सात माणसांतली सगळ्यांत म्हातारी, म्हणून सगळ्यांचीच याया, म्हणजे आजी. अंगावर काळं, मांडीवर तळलेल्या पिठाच्या कुरकुरीत काड्यांची थाळी. येणाऱ्याजाणाऱ्याला खायला घातल्याशिवाय ती सोडत नसे.

"पोरीचं पाणी झालं का गं, मास्तरीणबाई?" तिने विचारलं.

"बाप्तिस्मा? ऑगस्टात, याया."

म्हातारीने पोरीच्या बाजूला तीनदा हलकंच थुंकल्यासारखं केलं. "थू थू थू. मग बोंबलायला दुसरं नाव नव्हतं? नवऱ्याचं घ्यायचं. तो गेला तरी एक व्हॅनच रिकामी होईल."

"ऐकतोय मी," स्ताथिस काडी मोडत म्हणाला.

"ऐक की. तुला ऐकवायलाच बोलले."

सगळे हसले. पोलिक्सेनीही. मग पुढच्या शनिवारीही तिने तीच हाक मारली, आणि त्याच्या पुढच्याही. खेळ जमला होता.

मेच्या अखेरीस हाक दोनदाच परत आली.

तिने वहीत लिहिलं: 'पाणी उतरलंय? माणसं जास्त होती (सात), कपड्यांत आवाज शोषला जातो.' दोन्ही कारणं चांगली होती. पुढच्या शनिवारी माणसं चारच होती आणि तिने पाण्याची पातळी दगडावरच्या रेघेशी ताडून पाहिली. रेघ तिथेच होती. हाक दोनदाच आली.

त्याच सुमारास घरी एक गोष्ट सुरू झाली. तिला गोष्ट म्हणण्याइतकीही ती मोठी नव्हती. पोरगी नावाला बघेनाशी झाली.

म्हणजे ऐकू येत होतं. बेबा म्हटलं की वळायची, चावी वाजवली की वळायची, चमचा पडला की दचकायची. 'असिमीना' म्हटलं की मात्र आपल्याकडे न बघता पलीकडे बघायची. कुणी दुसऱ्यालाच हाक मारली तर आपण बघतो ना, कोण येतंय म्हणून, तशी.

"साहजिक आहे," स्ताथिस म्हणाला. "घरात आधीच एक असिमीना आहे. तिला वाटतं आजीला बोलावताय."

हेही चांगलं कारण होतं. पोलिक्सेनीने सासूबाई बाजारात गेलेल्या बघून पुन्हा हाक मारून पाहिली. पोरीने खेळणं खाली ठेवलं आणि दाराकडे पाहिलं. वर, जिथे आजीचा चेहरा असतो तिथे नाही. खाली, कडीच्याही खाली. आपल्याच उंचीवर.

डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले. "उत्तम आहेत," ते म्हणाले. "तुम्ही जरा झोपत चला."

जूनच्या मध्यावर हाक एकदाच आली. तीही उशिरा, जणू कुणी आधी ऐकून घेतली आणि मग, ठेवायची की द्यायची असा विचार करून, दिली. पाहुण्यांना यातलं काही कळलं नाही. त्यांच्या दृष्टीने पडसाद तो पडसाद. पोलिक्सेनीने वहीत फक्त आकडा लिहिला. कारण लिहिलं नाही.

जुलैच्या पहिल्या शनिवारी टाकं गप्प राहिलं.

ती आठव्या पायरीवर उभी होती, मागे सहा जण फोन उगारून. नाव पाण्यावर गेलं आणि संपलं. विहिरीत दगड टाकावा आणि तळच लागू नये, तसं.

"टाकंपण संपावर गेलं," वरून स्ताथिस ओरडला. "या देशात आता एवढंच राहिलं होतं!"

पाहुणे हसले, आणि ती वेळ निभावली. पण परतताना पोलिक्सेनीच्या लक्षात आलं की झोळीतली पोरगी आज खिदळली नव्हती. तिने नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. त्या आठवड्यात घरात तिने पोरीला एकदाही नावाने हाक मारली नाही. कुणी सांगितलं म्हणून नाही. मारवलीच नाही.

पुढच्या शनिवारी तिने ठरवलं, टाकं दाखवायचं पण हाक मारायची नाही. शीळ घालण्याची गोष्ट सांगितली, दगडावरच्या खुणा दाखवल्या, आणि सगळ्यांना पायऱ्यांवर रांगेत उभं करून पाणी दाखवलं. भर दुपार होती. बाहेर झाडांवरचे किडे इतके किरकिरत होते की उन्हालाच आवाज असावा. आत ते अर्ध्यातच तुटल्यासारखे थांबले. पोरगी झोळीत झोपली होती, गाल आईच्या गळ्याच्या हाडावर, लाळेचा एक ओघळ सदऱ्यावर.

व्होलोसहून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, गुबगुबीत, हसऱ्या. वाटेत पोरीशी खेळून त्यांनी स्ताथिसकडून सगळी माहिती काढली होती.

"काय हो बाई, पडसाद दाखवणार होतात ना?" त्या म्हणाल्या.

"आज नको," पोलिक्सेनी म्हणाली. "पाणी कमी आहे."

"असू द्या की. मी मारते हाक. चाळीस वर्षं वर्गावर ओरडलेला घसा आहे हा."

पोलिक्सेनी वळली. "नको—"

"असिमीनाऽऽ!"

टाकं गप्प राहिलं.

मग खालून, कमानीच्या पलीकडून, पाण्याच्या अगदी जवळून आलं:

"ओ."

एवढंच. बारीक आवाज. झोपेतून उठवल्यावर मूल देतं तसा, जरा नाखूश.

"अगं बाई, ओ दिली!" शिक्षिका हरखल्या. "किती गोड! ऐकलंत? पोरीने ओ दिली!"

सगळे झोळीकडे बघून हसत होते. कुणीतरी पोरीच्या पायाला चिमटा काढला.

पोलिक्सेनीने मान खाली केली नाही. गरज नव्हती. पोरीचं तोंड तिच्या गळ्याशी होतं, मिटलेलं, आणि तिचा सावकाश श्वास तिला कातडीवर लागत होता.

ती पाण्याकडे बघत राहिली.

पाणी हललं नव्हतं. पण नवव्या पायरीच्या कडेला दगडावर ओल चढत होती, जणू खालून कुणी हाताने धरून वर बघत होतं.

"चला," ती म्हणाली. "जेवायला उशीर होतोय."

सगळ्यांना पुढे घालून ती सगळ्यांत शेवटी वर आली. पाण्याकडे पाठ न करता.

व्हॅनमध्ये स्ताथिस म्हणाला, "बघ, आता नावाला ओ द्यायला लागली. उगाच डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्यास."

"ती झोपली होती."

"मग काय मी दिली?"

कार्दामिलीपर्यंत ती पोरीच्या तळव्यावर अंगठा दाबून बसली, आणि पोरगी झोपेत दर वेळी पाय आखडून घेत होती. तेवढंच तिला हवं होतं.

घरी सासूबाई कांदा चिरत होत्या. पोलिक्सेनीने सगळं सांगितलं, वही समोर ठेवून, तारखांसकट. ओरडा बसेल अशी तिची तयारी होती. बसला तर बरंच, असंही वाटत होतं.

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "कुठे मारलीस हाक?"

"टाक्यात."

"किती वेळा?"

"अकरा शनिवार. आणि आज त्या बाईंनी."

सासूबाई उठल्या, हात धुतले, पुसले, पोरीला मांडीवर घेऊन तिच्या टाळूवर हनुवटी टेकवली. कांद्यामुळे असेल, डोळे भरले होते. मग म्हणाल्या, "येत्या रविवारी उरकून घेऊ. पाद्र्याशी मी बोलते. आणि माझं नाव घालायचं नाही."

"आई!" स्ताथिस दारातून म्हणाला. "नऊ वर्षं डोकं खाल्लंस त्या नावासाठी."

"खाल्लं. आता नको."

"लोक म्हणतील सुनेने सासूचं नाव टाकलं."

"म्हणू देत. सांग त्यांना, म्हातारी फिरली." मग पोलिक्सेनीकडे वळून हलक्या आवाजात, "तुझ्या आईचं काय नाव होतं गं?"

"दियामांतो."

"चांगलं आहे," सासूबाई म्हणाल्या. "ते तू बाहेर कुठे घेतलंस?"

"नाही."

"घेऊ नकोस."

रविवारी चर्चमध्ये चाळीस माणसं होती. पोरीचे कपडे उतरवले, अंगाला तेल चोळलं, ती निसटती मासोळी पाद्र्याच्या हातात आली. धर्ममाता म्हणून स्ताथिसची चुलत बहीण उभी होती. तिने नाव सांगितलं. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. पाद्र्याने पोरीला तीनदा पाण्यात बुडवलं आणि तीनदा तेच नाव घेतलं. दियामांतो. तिसऱ्यांदा वर आल्यावर पोरीने खोकून पाणी उडवलं, नाव घेणाऱ्याकडे सरळ बघितलं आणि रडायला लागली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पोरगी आपल्याला मारलेल्या हाकेकडे बघत होती.

सासूबाई सगळा वेळ बाहेर अंगणात उभ्या होत्या. फोटोसाठी एक काका ओरडले, "असिमीना, ये की गं, अशी काय परक्यासारखी!" पोलिक्सेनीने पटकन पोरीकडे पाहिलं. पोरगी साखरेच्या बदामाचा कागद चघळत होती. दाराकडे बघितलं नाही, खाली बघितलं नाही. तो शब्द तिच्यापुरता उरलाच नव्हता. पोलिक्सेनीने तो कागद तिच्या तोंडातून काढून घेतला, आणि त्या रात्री ती सलग सात तास झोपली.

शनिवारची फेरी बदलली. कास्त्रोऐवजी डोंगरातलं एक गाव घेतलं, तिथे चीज चांगलं मिळतं. उन्हाळा गेला. दियामांतो चालायला लागली, मग धावायला. हाक मारली की ओ द्यायची, इतक्या लांबून की शेजारी हसत. सगळं ठीक होतं, आणि पोलिक्सेनी ते रोज मोजून बघत होती.

ऑक्टोबरात कार्दामिलीच्या औषधाच्या दुकानात तिला स्तामाता याया भेटली. पाहुण्यांपैकी कुणालातरी मधमाशी चावली होती म्हणून पोलिक्सेनी मलम घ्यायला आत शिरली होती. म्हातारी रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत घालत होती.

"हिंडणं सोडलंस आमच्याकडे," ती म्हणाली.

"मार्ग बदलला, याया."

"बरं केलंस." म्हातारीने पिशवीला गाठ मारली. "आता हाक मारावी लागत नाही. आपणहून येते."

"कोण?"

म्हातारीने पिशवी काखेत मारली.

"दुपारी," ती म्हणाली, "माणसं झोपली की. तिसऱ्या पायरीपर्यंत. ऊन असतं तिथवर. कुणाला काही करत नाही, बसते. आम्ही काही विचारत नाही. पण ती सांगते आपलं नाव. सारखं सांगते. नवीन काही मिळालं की पोरं सांगतात ना, तसं."

दुकानदार आत गेला होता. फ्रीजची मोटर चालू होती.

"मी दुसरी मुलं बघितलीयेत तिथली," म्हातारी पुढे म्हणाली. "ती खालीच असतात. ही वर येते, कारण हिला कुणाचीतरी वाट बघायला शिकवलंय. पाय उघडे असतात गं. दगड तापतो. काहीतरी घालायला पाठव."

पोलिक्सेनीने मलमाचे पैसे दिले आणि बाहेर येऊन व्हॅनमध्ये बसली. शिकलेलं सगळं तिने आठवून पाहिलं. म्हातारीचं वय, एकटेपण, चार घरांतली सात माणसं, उन्हात डोळ्यांपुढे नाचणाऱ्या आकृत्या. कारणं भरपूर होती. आणि दुसऱ्या बाजूला तापलेल्या दगडावरचे उघडे पाय होते.

सोमवारी तिने दियामांतोसाठी चपला घेतल्या. दोन जोड. एक खोक्यात घालून कास्त्रोकडे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे दिला. "यायाच्या पणतीसाठी," तिने सांगितलं.

त्याला आता तीन वर्षं होतील. ती दर सहा महिन्यांनी खोकं पाठवायची. चपला, हिवाळ्यात लोकरीचे मोजे, एकदा फ्रॉक. आणि दर सहा महिन्यांनी म्हातारी जुन्या वस्तू त्याच खोक्यातून परत पाठवायची, कारण वस्तू वाया घालवणं तिला खपत नसे. पोलिक्सेनी खोकं न्हाणीघरात नेऊन, दार लावून उघडायची. चपला वापरलेल्या असत. पुढे बोटांनी ताणलेल्या. डाव्या पायाची टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. दियामांतोचीही तिथेच झिजते.

ती स्वतः गेलेली नाही. भीती वाटते म्हणून नाही, निदान तेवढ्याचसाठी नाही. "मी गेले आणि तिने 'आई' म्हटलं," ती म्हणते, "तर तिला तिथे ठेवून परत येणं माझ्याने होणार नाही. आणि घरी दियामांतो आहे." स्ताथिसला यातलं काही माहीत नाही. सासूबाईंना माहीत असावं. त्या न विचारता मोजे विणून ठेवतात, दोन-दोन जोड.

गेल्या फेब्रुवारीत स्तामाता याया वारली. तिच्या मुलाने घराला कुलूप लावलं आणि तो कालामाताला आला. बाकीची तीन घरं त्याआधीच रिकामी झाली होती. एप्रिलचं खोकं ड्रायव्हरने दरवाजाशी पायरीवर ठेवलं, घ्यायला कुणी नव्हतं म्हणून. पुढच्या आठवड्यात त्याने तेच खोकं परत आणून दिलं. "नको असेल त्यांना," तो म्हणाला.

पोलिक्सेनीने न्हाणीघराचं दार लावलं. आत जुन्या चपला होत्या, जोडीने लावलेल्या. ओल्या.

आता ड्रायव्हर बदललाय, आणि नवी बस त्या फाट्यावर वळत नाही. म्हणून पोलिक्सेनीने हे ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांच्याकडे शेवटी एकच मागणं मागितलं. माझ्याकडेही मागितलं होतं. मला जमलं नाही. ते आता तुमच्याकडे देते, तिच्याच शब्दांत.

"त्या बाजूला गेलात तर कास्त्रोत एक चक्कर टाका. दुपारी, दीड-दोनच्या सुमाराला. हाक मारू नका, नाव विचारू नका. ती स्वतःच सांगेल, तेव्हा छान आहे म्हणा. तुमचं सांगू नका. फक्त तिच्या चपला बघा. शेवटच्या पाठवल्या त्या पंचवीस नंबरच्या होत्या, आणि इकडे आता सत्तावीस लागतात. अंगठ्याजवळ बोटाने दाबून बघा, जागा आहे का. घट्ट झाल्या तरी मुलं सांगत नाहीत."